सतरा पुडक्यांचा पंचनामा

माझ्या मुलीच्या लंगोटांचा पोलिसांनी पंचनामा केला, ही गोष्ट औरंगाबाद शहरात इतक्या पाठभेदांसह फिरते आहे की मूळ संहिता निश्चित करणे मला भाग आहे. आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात प्रचलित असलेल्या पाठात माझ्या झोळीत हातबाँब होते. सिडकोतल्या भाजीवाल्यांच्या पाठात चोरीचे लोणी होते. आणि आमचे घरमालक नानासाहेब यांच्या पाठात मी पोलिसांसमोर रडलो. यांपैकी शेवटचा पाठ निखालस प्रक्षिप्त आहे. मी पाली भाषेचा अध्यापक आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आले असेल, तर ते वासामुळे.

मुलगी झाली ती त्र्याण्णवच्या डिसेंबरात. त्या महिन्यात शहराला एकच विषय होता : विद्यापीठाच्या नावाचा निर्णय कधी होणार, आणि झाला तर काय काय पेटणार. चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत कारखाने उभे राहत होते, त्यांत परदेशातून यंत्रे येत होती, आणि एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभी राहणारी माणसे एका पाटीवर कोणाचे नाव असावे यावरून सोळा वर्षे एकमेकांच्या डब्यातली भाजी खात नव्हती. आधुनिकता म्हणजे काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी हे उदाहरण देतो. ते लिहून घेत नाहीत.

नात पाहायला माझी आई, मनकर्णाबाई, वैजापूरकडच्या आमच्या गावाहून आली. एस.टी.तून उतरली ती काखेत गाठोडे घेऊन. घरात आल्यावर तिने पाणीसुद्धा न पिता गाठ सैल केली. वरची घडी दिसली : मळखाऊ हिरवट, रंग पार उडालेले, हात लावताच खाली लोंबणारे लुगडे.

"जुनेर हाय," आई म्हणाली. "बाळुत्याला."

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. फार नाही, फक्त इयत्ता दुसरीपर्यंत. माझी आई पाटलांच्या वाड्यात शेण काढीत असे, आणि पाटलांची उतरलेली धोतरे आमच्या घरी येत. त्यांपैकी एका धोतराची माझी बाळुती झाली होती. ही ऐतिहासिक वस्तुस्थिती मला पाटलांच्या नातवाने कळवली. भर वर्गात उभा राहून तो म्हणाला, "गुर्जी, ह्यो आमच्या आज्याच्या धोतरात हागलाय." गुरुजी हसले. वर्ग हसला. मीही हसलो, आणि त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अद्याप क्षमा केलेली नाही. पुढे पुस्तके वाचली, पदव्या घेतल्या, शेकडो तळटीपा लिहिल्या. परंतु प्रतिज्ञा केली ती एकच : माझ्या अपत्याच्या अंगाला दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कापड लागणार नाही.

तेव्हा गाठोडे पाहताच मी बोललो. वीस मिनिटे बोललो. वस्त्र आणि वर्ण, उष्टे आणि उतरलेले, दान आणि अपमान असे टप्पे घेत मी विषयाची मांडणी केली. मध्ये एकदा आई म्हणाली, "आरं पन–" मी हात वर करून सांगितले की प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी वेळ उरला नाही.

"बरं," आई म्हणाली. तिने गाठ पुन्हा आवळली आणि गाठोडे खाटेखाली सारले.

माझी पत्नी सुगंधा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बाळंतपणाच्या अंथरुणावरून तिने हे व्याख्यान ऐकले होते. ती म्हणाली, "बुद्धाचे भिक्खू रस्त्यावरच्या चिंध्या गोळा करून चीवर शिवत, हे वर्गात तुम्हीच शिकवता ना?"

"त्यांनी ते निवडले होते," मी म्हणालो. "राजवाडा सोडून आलेल्याने चिंधी उचलली की तो त्याग होतो. त्याग करायला आधी काहीतरी असावे लागते."

"मुलीला हे समजेपर्यंत तिला काय गुंडाळू?"

प्रश्न व्यवहाराचा होता. मी त्याच दिवशी कोरा मांजरपाट आणून डझनभर लंगोट शिवून घेतले. आईने ते बोटांनी चोळून पाहिले आणि बाजूला ठेवले. नव्या कापडातली खळ तीन धुण्यांनी जात नाही, हे ज्ञान मला मुलीच्या मांड्यांवरून मिळाले. तिसऱ्या दिवशी त्या लालभडक झाल्या. ती रडत होती आणि डॉक्टर म्हणत होते, "मऊ जुनं कापड नाही का हो घरात काही?" जणू जुने कापड ही प्रत्येक घरात आपोआप उगवणारी गोष्ट आहे.

नानासाहेब तळमजल्यावर राहत. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला हा मनुष्य सल्ला देताना अजूनही कागदाला टाचणी लावल्यासारखी दोन बोटे एकत्र आणी. ते जिन्यातच भेटले. "सर्जेराव, तुमच्यात काय पद्धत असते ते मला ठाऊक नाही, पण आमच्यात सव्वा महिना जुन्या कापडाशिवाय मूल उचलत नाहीत."

'तुमच्यात' हा मराठी भाषेतील सर्वांत सभ्य अपशब्द आहे. मी त्यांना सांगितले की आमच्यात आता परदेशी पद्धत असते : एकदा वापरून फेकून द्यायचे कागदी लंगोट, ज्यांना डायपर म्हणतात. हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मी तसे ठरवलेले नव्हते. परंतु विचार करता ते मला अचूक वाटले. जे कोणाच्याही अंगावरून उतरलेले नाही आणि जे पुढे कोणाच्याही अंगावर चढणार नाही, असे हे एकमेव वस्त्र. न भूतकाळ, न वारस.

निराला बाजारातल्या एका औषधाच्या दुकानात मी गेलो. दुकानात चार बायका उभ्या होत्या. लंगोट आणि तदनुषंगिक विषय त्यांच्यासमोर उघड बोलणे मला प्रशस्त वाटेना. मी दुकानदारांना हलक्या आवाजात सांगितले, "आमच्या घरी एक व्यक्ती आहे. नैसर्गिक विधींवर तिला अजिबात ताबा नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "अल्ला रहम करे. कब से है साब ये हालत?"

"जन्मापासून."

"या अल्ला. उठना-बैठना?"

"मुळीच नाही. चोवीस तास अंथरुणात."

"सर, आप हौसला रखो," ते माझा हात धरून म्हणाले. "बंबई बोलके मंगाता मैं. चार रोज में आता माल."

चार दिवसांनी माल आला. घरी जाऊन पाकीट फोडले, तेव्हा आतून जे निघाले त्यात आमची मुलगी मानेपर्यंत गेली. दुकानदारांनी माझ्या वर्णनाबरहुकूम अर्धांगवायू झालेल्या प्रौढ रुग्णाचे मागवले होते. आईने तो प्रकार दोन्ही बाजूंनी निरखला आणि म्हणाली, "बरं हाय की. चार दोऱ्या लावल्या तर झोळी व्हईल ह्याची."

ते परत करायला गेलो तेव्हा मला मुलगी हा शब्द, तिचे वय आणि विधींचे तपशील भर दुकानात उच्चारावे लागले. बायका या खेपेस सहा होत्या.

शेवटी खरे डायपर आले. शुभ्र, हलके, कडेला चिकटपट्टी. चार दिवस मी शहरातला सर्वांत आधुनिक बाप होतो. मांड्या बऱ्या झाल्या, मुलगी झोपू लागली, आणि मी वर्गात जुन्या-नव्याच्या संघर्षावर काहीशा समाधानाने बोललो. पाचव्या दिवशी घरी आलो तो दोरीवर एक डायपर वाळत घातलेला. इतकी पांढरी चीज एका मुतासाठी फेकून देणे आईला पटले नव्हते. तिने तो साबण लावून धुतला होता. तो मांजराच्या पिल्लाएवढा फुगला होता, खालून फाटला होता, आणि त्यातून पारदर्शक गोळे ओट्यावर टपटपत होते.

"आत साबुदाना भरलाय व्हय रं?" आईने विचारले. "उपासाचं कापड हाय का ह्ये?"

मी तिला समजावले की हे धुवायचे नसते, फेकायचे असते.

"फेकायचं कुठं?"

हा प्रश्न इतका क्षुद्र होता की आधुनिकतेचे गंभीर वाचन करूनही तो मला कोठे आढळला नव्हता.

फेकायची जागा म्हणजे कॉलनीच्या कोपऱ्यावरची सिमेंटची कुंडी. कुत्र्यांना त्या वस्तूंविषयी माझ्यापेक्षा अधिक कुतूहल निघाले. त्यांनी रोज सकाळी त्या कुंडीतून काढल्या, चिरफाड करून आतले गोळे तपासले, आणि निष्कर्ष नानासाहेबांच्या फाटकासमोर मांडले. नानासाहेबांनी सूचनाफलकावर कागद लावला : 'कॉलनीत ज्या ज्या घरी तान्हे मूल असेल त्यांनी योग्य ती तजवीज करावी.' तान्हे मूल कॉलनीत एकच होते. असे अनेकवचन सरकारी नोकरीशिवाय साधत नाही.

परंतु मला जे लागले ते दुसऱ्याच दिवशी. महापालिकेच्या सफाई कामगार चंपाबाई सकाळी झाडायला येत. त्यांनी मला फाटकात गाठले. हातात झाडू, खराट्याच्या टोकाला लटकलेला एक फाटका डायपर.

"सर, ह्ये तुमचंच ना?"

"हो."

"भडकल गेटला तुमचं भाषन ऐकलं व्हतं म्या. लई चांगलं बोलला. मानसाची घान मानसानं उचलायची, ह्यो कायदाच मोडला पायजे, म्हनला तुमी. म्या टाळी वाजीवली." त्यांनी डायपर ढकलगाडीत झटकला. "आता सांगा, टाळी परत घेऊ का?"

त्या उत्तराची वाट पाहत थांबल्या नाहीत; पुढचे घर झाडायचे होते.

त्या दिवसापासून मी कुंडीत डायपर टाकणे बंद केले. जाळून पाहिले, ते जळत नाहीत, केवळ रागावल्यासारखे धुमसतात, आणि धूर नानासाहेबांच्या देवघरात जातो. पुरून पाहिले, अंगणात आधीच नानासाहेबांचा मोगरा होता. मग वापरलेले डायपर घट्ट गुंडाळून, चिकटपट्टी लावून, गच्चीवर साठवू लागलो. सतरा झाले तेव्हा ठरवले की ते शहराच्या पलीकडच्या टोकाला एखाद्या मोठ्या कुंडीत नेऊन टाकावेत, जेथे माझे भाषण कोणी ऐकलेले नसेल.

आई उंबऱ्यात बसून पाहत होती. "तिथं बी एक चंपाबाई असंलच की," ती म्हणाली.

मी ऐकले नाही असे दाखवले. पुस्तकांची खांद्याला लावायची झोळी रिकामी केली, त्यात सतरा पुडकी भरली आणि लूना काढली. तारीख बारा जानेवारी. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय दोन-तीन दिवसांत येणार अशी हवा होती, शहरात जमावबंदी होती, आणि क्रांती चौकात नाकाबंदी. ही बाब मला वर्तमानपत्रामुळे ठाऊक होती. वर्तमानपत्रातील बाबी आपल्यालाही लागू होतात, हे सुशिक्षित माणसाला उशिरा कळते.

हवालदारांच्या छातीवर 'सांडू' अशी पट्टी होती. त्यांनी काठी आडवी केली. "कुठं?"

"कामाला."

"झोळीत काय? पत्रकं?"

"वैयक्तिक वस्तू."

हा शब्द चुकला. सांडू यांनी मागे वळून हाक मारली, आणखी दोन शिपाई आले. त्यांतल्या एकाने झोळीत हात घातला, एक पुडके बाहेर काढले आणि वजन जोखले. "साहेब, जड हाय. मऊ बी हाय."

"काय हाय ह्ये?" सांडू यांनी मला विचारले.

"डायपर."

"काय पर?"

"डायपर. लहान मुलांचे."

"नाव सांगा."

मी नाव सांगितले. त्यांनी आडनावही विचारले. आडनाव ऐकून ते क्षणभर थांबले. सोळा वर्षांत या शहरात आडनाव ऐकून थांबण्याचे एक विशिष्ट प्रमाणबद्ध तंत्र विकसित झाले आहे. आडनाव सांगणाऱ्याला त्याची लांबी पाठ असते. मग त्यांचा आवाज अधिक सभ्य झाला, आणि मला कळले की आता हे प्रकरण लांबणार.

पंच म्हणून एक चहा-टपरीवाले आणि एक रिक्षाचालक बोलावण्यात आले. गर्दी करण्यास मनाई असल्यामुळे बरीच गर्दी जमली. एका पुडक्याची चिकटपट्टी लांबून, काठीने, सोडवण्यात आली.

रिक्षाचालक एक पाऊल मागे सरले. "अरे साब, बच्चे की टट्टी है ये. मेरे घर में चार हैं. मैं तो दूर से पैचानता."

"तुमी तज्ज्ञ हाय का?" सांडू म्हणाले. "पंचांनी फकस्त बघायचं."

"बघनेकी क्या जरूरत है साब, सारा चौक सूंघ रहा."

पंचनाम्याची नक्कल माझ्याजवळ आहे. गद्याचा असा काटेकोर नमुना विद्यापीठातही दुर्मीळ : 'सदर इसमाचे झोळीत पांढऱ्या रंगाची, गुंडाळलेली, ओलसर, वजनदार अशी एकूण सतरा पुडकी मिळून आली. पैकी एक पंचांसमक्ष उघडले असता त्यात बाळाची विष्ठा असल्याचे प्रथमदर्शनी दिसून आले. उर्वरित सोळा उघडण्यास पंचांनी नकार दिला. इसम व्यवसायाने प्राध्यापक असल्याचे सांगतो.'

त्या शेवटच्या 'सांगतो'ला मी आक्षेप घेतला. तो नोंदवला गेला नाही.

यानंतर मला सोडण्यात आले, मात्र मुद्देमालासह. सांडू यांनी सुपूर्तनाम्यावर सही घेतली. त्यानुसार सतरा पुडकी माझ्या ताब्यात देण्यात येत होती आणि पुढील आदेशापर्यंत ती मी नष्ट करू नयेत, टाकून देऊ नयेत, अथवा त्यांच्या स्वरूपात बदल करू नये. त्यांच्या स्वरूपात बदल ती स्वतःच करीत होती, हे मी निदर्शनास आणले. सांडू यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यांदाच माणसासारखे बोलले. "सर, तीन दिस झाले घरी गेलो नाय. माजं बी लेकरू सा महिन्याचं हाय. तुमी जावा आता. सही केली ना? जावा."

मी झोळी घेऊन घरी परतलो. पुडकी पत्र्याच्या डब्यात घालून गच्चीवर ठेवली. आदेश अद्याप आलेला नाही. अधूनमधून मी ठाण्यात अर्ज देतो.

घरात वेगळाच प्रसंग उभा होता. शेवटचा डायपर सकाळीच संपला होता. दुकाने बंद होती. माझे औषधवाले मित्रही शटर ओढून घरी गेले होते. मांजरपाट पुन्हा लावला होता, आणि मुलीच्या मांडीवर पुन्हा तेच लाल चट्टे उठले होते. ती रडत होती, म्हणजे रडण्यातला आवाज संपून नुसते तोंड उघडत होती. सुगंधा तिला खांद्यावर घेऊन फिरत होती. माझ्याकडे तिने पाहिले, बोलली नाही. बोलली असती तर मला प्रतिवाद तरी करता आला असता.

आई खाटेशेजारी बसली होती. इतक्या दिवसांत तिने ते गाठोडे खाटेखालून काढले नव्हते. आता तिने ते ओढून पुढ्यात घेतले, गाठीवर हात ठेवला आणि विचारले, "काढू का?"

चौकातल्या सगळ्या गर्दीसमोर माझे जे उरले होते ते या एका प्रश्नाने संपले. दुसरीतला वर्ग पुन्हा हसायला लागला होता. मी म्हणालो, "काढ. पाटलांचं तर पाटलांचं."

आईचा हात गाठीवरच थांबला. "कोन्या पाटलाचं?"

"हे जुनेर."

"ह्ये माजं हाय."

मी गाठोड्याकडे वाकून पाहिले.

"माजं हाय म्हनलं. तू नोकरीला लागला तवा पयल्या पगाराला दोन लुगडी आनली नव्हती का? त्यातलं हिरवं. येकच न्हाय, तू मंग आनलेलं बी येक हाय ह्याच्यात, गेल्या सालापस्तोर नेसत व्हते ते. पाटलीन काय मला असलं मऊ, धड देती व्हय? तिथून यायचं ते फाटूनच यायचं. आन उरलंसुरलं अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत घरासंगं जळालं." तिने गाठ सोडली. "आपल्या घरात नवं आलं, आन आपल्याच अंगावर जुनं झालं, असं ह्ये पयलंच कापड. म्हनून राखलं म्या, तुज्या लेकराला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू म्हनलास ना, प्रश्न शेवटी घिऊ. म्या वाट बघायले."

साधनाची तपासणी केल्याशिवाय निष्कर्ष मांडू नये, हे मी पंधरा वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. ज्या कापडाविरुद्ध मी वीस मिनिटे बोललो, ते मीच खरेदी केले होते; ते मला ओळखू आले नाही, कारण मी ते नवे असताना पाहिले होते, आणि त्यानंतर आईकडे नीट पाहिलेच नव्हते.

मी कात्री आणायला उठलो.

"कातर नको," आई म्हणाली. "कातरीचा काठ टोचतो. हातानं फाडायचं. आन आईक, ह्ये फेकायचं नाय. धुवायचं. सूनबाई नाय धुनार, मी बी नाय. तू धुवायचं."

"मी धुवीन," मी म्हणालो.

तिने लुगड्याची घडी माझ्या हातात दिली. पदराकडचा रंग थोडा शिल्लक होता. बाकी कोणता रंग होता हे आठवूनच ठरवावे लागले असते. मी दोन्ही हातांत ते ताणून धरले आणि तसाच उभा राहिलो.

"लेकरू वल्लं पडलंय," आई म्हणाली, "आन तू काय वाचायलास त्याच्यावर? फाड."

मी फाडले. कापड इतके मऊ झाले होते की आवाजसुद्धा झाला नाही.